पत्तीचा कच्चा सूर

जयूच्या ओठांना सनई कधी लागली नव्हती. पत्ती मात्र रोज लागायची.

पत्ती म्हणजे सनईच्या टोकाला बसवतात ती वाळक्या पानाची इवलीशी जीभ. ती कापायची, दोऱ्याने आवळायची, पाण्यात भिजवायची आणि मग नुसतीच ओठांत धरून फुंकून बघायची. विष्णू गुरवांच्या, म्हणजे आप्पांच्या, घरात हे काम त्यांच्या लेकीकडे होतं. आप्पांची बोटं पडली जाड, जयूची बारीक. आठव्या वर्षापासून आप्पांच्या सगळ्या पत्त्या तिच्याच हातच्या. नुसती पत्ती फुंकली की काय आवाज यायचा! बदकाचं पिल्लू शेपटीवर पाय पडून ओरडावं तसा. कर्कश, चिरका, नागडा. आप्पा त्याला ‘कच्चा सूर’ म्हणायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “हं, चालेल. लाव नळीला.” आणि तोच बदकाचा आवाज लाकडाच्या नळीतून, पितळी तोंडातून बाहेर पडला की समोरचा माणूस चालता चालता थांबायचा.

“माई,” एकदा तिने आईला विचारलं होतं, “मी का नाही सनई वाजवायची?”

“बाईचं तोंड लागायचं नाही सनईला. देवाचं वाद्य आहे ते.”

“मग पत्तीला कसं चालतं?”

“पत्ती म्हणजे काही सनई नव्हे.”

“पत्तीवाचून सनई वाजते का?”

“सनई वाजो न वाजो, तुझी जीभ फार वाजते. जा, पाणी भर.”

जयूने पाणी भरलं. प्रश्न तसाच राहिला. पण हेही खरं की त्या घराने तिला कान दिले, आणि ते फुकट दिले. पुढे ती नेहमी म्हणायची, “मला शिकवलं कोणी नाही, पण उठवलं रोज सनईनं. एवढं कोणाच्या नशिबी असतं?”

गुरवांचं घराणं शिंद्यांच्या फौजेमागोमाग दक्षिणेतून उज्जैनला आलं, ते इथलंच झालं. एका सरदारांच्या देवडीवर सकाळ-संध्याकाळ नौबत झडायची, तिथे आप्पा, त्यांच्याआधी त्यांचे वडील, त्यांच्याआधी त्यांचे. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी आप्पांनी इतकं वाजवलं की खालच्या चौकातला जलेबीवाला कढई उतरवून वर बघत उभा राहिला. “गुरवजी, आज तो बस करो, जलेबी जल जाएगी!” पुढल्या वर्षी संस्थानं ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात गेली. नौबत बंद करा असा हुकूम काही आला नाही. नुसतं कोणी ‘वाजवा’ म्हणेनासं झालं. आप्पा महिनाभर वेळेवर जाऊन बसले, मग जाणं सोडलं. लग्नाकार्यात वाजवत राहिले, पण हळूहळू दात गेले, आणि दात गेले की ओठांची पकड जाते. सनई खुंटीला लागली. माईही त्याच सुमारास गेली.

तोवर जयू लग्न होऊन उज्जैनच्याच माधवनगरात राहायला आली होती. नवरा श्रीधर. महायुद्धात सिग्नलच्या पलटणीत होता, सुटून आला तो दोन गोष्टी घेऊन: सगळ्या यंत्रांना ‘बेटा’ म्हणायची सवय, आणि महूच्या लष्करी भंगार-विक्रीतून आणलेल्या दोन जडशीळ पेट्या. टावर चौकापाशी त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आप्पा त्याला ‘डबेवाले जावई’ म्हणत. “गातो डबा, कौतुक जावयाचं!”

छप्पन्न सालच्या पावसाळ्यात जयूचा धाकटा भाऊ वसंत घरी आला तो चपलाही न काढता दारातच बोलायला लागला.

“ताई, पक्कं झालं. मध्य भारत खतम. नवं राज्य, राजधानी भोपाळ. आमचं अख्खं ऑफिस उचलून तिकडे.”

“आणि आप्पा?”

“माझ्याबरोबर. आणखी कुठे?”

“इथे राहू देत की.”

वसंत हसला. “लेकीच्या घरी? आप्पा? अगं, तुझ्याकडे चहाचा दुसरा कप घ्यायलासुद्धा लाजतात ते.”

ते खरंच होतं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. आप्पा जायच्या आत एकदा, फक्त एकदा, आप्पांनी समोर बसावं आणि आपण वाजवावं. जन्मभर ते वर बसले आणि आपण खाली ऐकत बसलो. एकदा उलट व्हावं. पण वाजवायचं कशानं? सनईला तोंड लावायचं नाही हे तिच्या हाडात इतकं मुरलं होतं की खुंटीवरची सनई पुसतानासुद्धा ती मान वळवून श्वास सोडायची.

एका दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली. श्रीधर एका पेटीच्या काचेत डोळे घालून बसला होता. काचेवर हिरवी रेघ नाचत होती.

“अहो, जेवता का? का रेघ खाऊन पोट भरलं?”

“अगं, इकडे ये, गंमत बघ.” त्याने दुसऱ्या पेटीचं बटण फिरवलं. भोंग्यातून सूं असा एक साधा, सरळ सूर आला आणि काचेवरची रेघ शिप्रेच्या पाण्यासारखी गोल गोल वळली. “हा गोल सूर. याच्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. शुद्ध.”

“पचपचीत आहे. मीठ घालायला विसरल्यासारखा.”

“हो ना? आता हा बघ.” खट्. रेघ किल्ल्याच्या तटासारखी चौकोनी झाली आणि आवाज पोकळ, जाड. “हा चौकोनी.”

“जुन्या सायकलचा भोंपू.”

“बिलकुल! आणि हा माझा स्वतःचा.” त्याने तारांच्या जंजाळातल्या एका छोट्या लाल निऑन दिव्याकडे बोट केलं. दिवा इतका भराभर लुकलुकत होता की पेटल्यासारखाच दिसत होता. रेघेला करवतीसारखे दात फुटले आणि भोंग्यातून एक चिरका, कर्कश, नागडा आवाज आला.

जयूच्या हातातला डबा कलला. वरणाचा ओघळ साडीवर आला तरी तिचं लक्ष नव्हतं.

“अहो... ही तर पत्ती!”

“कसली पत्ती?”

“आप्पांची. सनईची. अगदी हाच, हाच कच्चा सूर! नळी न लावता फुंकली की असंच ओरडते ती.” ती स्टुलावर बसलीच. “याला नळी द्या.”

“अगं, हा विजेचा सूर आहे. त्याला लाकडाची नळी कुठून आणू?”

“ते मला काय विचारता? नळी काय करते ते मी सांगते. नळी आवाज वाढवत नाही. ती निवडते. पत्ती सगळंच ओरडते, चांगलं-वाईट सगळं. नळी म्हणते, हे राहू दे, हे जाऊ दे. तांदूळ पाखडतो ना, तसं.”

श्रीधरने बटण बंद केलं. मग सावकाश म्हणाला, “पाखडणं... म्हणजे एक तारेची गुंडाळी आणि एक कंडेन्सर. ते जमेल. पण काय ठेवायचं नि काय टाकायचं, हे कोणी सांगायचं?”

“मी आहे ना.”

पुढचे कित्येक दिवस दुकानात दुपारभर बदक ओरडत राहिलं. श्रीधर गुंडाळीचे वेढे वाढवायचा, कमी करायचा, कंडेन्सर बदलायचा, आणि जयू डोळे मिटून म्हणायची, “नाही. सर्दी झाल्यासारखं... आता फार गोड, शिरा झाला... थांबा, थांबा, मागे या... हं!” तो ‘हं’ अगदी आप्पांचा होता. शेजारच्या कापडवाल्याने विचारलं, “भाभीजी, ये रेडियो बीमार है क्या?” श्रीधर म्हणाला, “नाही हो, बेटा बोलायला शिकतोय.”

सूर सापडला. पण वाजेना. म्हणजे बटण दाबलं की धाडकन पूर्ण ताकदीने सुरू व्हायचा आणि सोडलं की कापल्यासारखा तुटायचा. सनई अशी वाजत नाही. सनईचा सूर आधी फुंकरीसारखा येतो, मग भरतो, थोडा वेळ राहतो, आणि जातो तोही निरोप घेत जातो. जयूने डावा हात आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीवर ठेवला आणि उजवा उंच-सखल करायच्या मोठ्या चकतीवर. उजव्याने सूर धरायचा, डाव्याने त्याला जन्माला घालायचं, वाढवायचं, निववायचं. चकती सरकवली की एका सुरावरून दुसऱ्यावर मींड अशी ओघळायची की श्रीधर सोल्डरची सळई तशीच हातात धरून ऐकत राहायचा. खालून आधाराला लष्करी पेटीचा गोल सूर सोडून दिला, बिनमिठाचा, एकसारखा. मुख्य सनईच्या शेजारी बसून दुसरा वादक असाच एकच सूर धरून बसतो. त्याला घरात ‘सूरवाला’ म्हणत. त्याने गायचं नसतं, फक्त न थांबता धरून ठेवायचं.

“माझा सूरवाला सरकारी पेटीत बसलाय,” जयू म्हणाली.

“आणि त्याला चहासुद्धा लागत नाही,” श्रीधर म्हणाला.

इकडे मराठी मंडळाचं नाटक बसत होतं; भोंगे-तारांचं काम श्रीधरकडे. दसऱ्यानंतरचा प्रयोग, आणि बहुतेक शेवटचा, कारण निम्मी नटमंडळी भोपाळच्या वाटेवर. नाटक भय्यासाहेबांनी स्वतः लिहिलेलं. भय्यासाहेब जुन्या दरबारी घराण्यातले. कोट कायम गळ्यापर्यंत बंद, आणि बोलणं कायम शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. तिसऱ्या अंकात मुलीची पाठवणी होती आणि तिथे सनई हवीच होती. ठरलेला सनईवाला इंदूरच्या उत्सवांत अडकला. ग्रामोफोनची तबकडी आणली तर तिच्यात सनईपेक्षा खरखरच जास्त.

“श्रीधरपंत,” भय्यासाहेब तालमीत हताश होऊन म्हणाले, “नववधू उंबरठा ओलांडते आणि मागे भजी तळल्याचा आवाज! काहीतरी करा, वर्ना परदा पाडून घरी जाऊ.”

श्रीधर जयूकडे बघून म्हणाला, “हिला विचारा.”

“जयूताई? जयूताई काय करणार?”

“वाजवणार,” जयू म्हणाली. “पण दिसायचं नाही मला. पडद्यामागे बसेन. आणि कोण वाजवतंय ते कोणाला सांगायचं नाही, आमच्या वसंतालासुद्धा.”

“का बरं?”

“कळलं तर आप्पांना, नुसतं ऐकून कळावं. नाही कळलं तर नाही.”

नवरी झालेली कल्पना, जिला अजून शालू नेसून चालताही येत नव्हतं, ती मध्येच म्हणाली, “मावशी, पण मी रडायचं कधी? सनईच्या आधी की नंतर?”

“तू रडू नकोस,” भय्यासाहेब म्हणाले. “तू पडू नकोस, एवढं पुरे.”

प्रयोगाच्या संध्याकाळी वसंताने आप्पांना आणलं. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसवलं. जयूने पडद्याच्या फटीतून बघितलं. पांढरा फेटा, हातातली काठी, आणि पहिले दोन्ही अंक संपेपर्यंत हनुवटी छातीवर. आप्पा चक्क झोपले होते.

“उठवू का कोणाला सांगून?” श्रीधरने विचारलं.

“नको. त्यांना कोणी उठवायचं नाही.” ती पेटीसमोर जाऊन बसली. “बघू. मला उठवायचे ते. आज मी बघते.”

तिसरा अंक. कल्पना न पडता उंबरठ्यापर्यंत आली. श्रीधरने गोल सूर सोडला. जयूने डाव्या हाताने खुंटी हळूच उघडली, फुंकरीएवढी, आणि पिलू रागाचा पहिला सूर भोंग्यातून सभागृहात गेला.

कुजबूज थांबली. कोणीतरी म्हणालं, “अरे वा, सनईवाला आला वाटतं.” जयूला काही ऐकू येत नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते. उजवा हात चकतीवर सरकत होता, आणि आप्पांची ती वळणं, जी तिने झोपेत, जागेपणी, पाणी भरताना, पत्ती कापताना ऐकली होती, ती एकामागून एक बोटांतून उतरत होती. एक वळण संपलं की दुसरं, दुसऱ्याला धरून तिसरं, पाण्याच्या धारेसारखं, कुठे तुटणं नाही, कुठे थांबणं नाही. आयुष्यभर साठलेलं होतं, ते थांबणार तरी कसं?

आणि मग काहीतरी बिनसू लागलं. तिच्या लक्षात यायच्या आधी ते लोकांच्या लक्षात आलं. खुर्च्या करकरल्या. कोणी खोकलं. सूर तेच, वळणं तीच, पण ऐकणाऱ्याची छाती आवळत चालली होती. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

तिसऱ्या रांगेत काठी जमिनीवर आपटली.

“जयू! श्वास घे गं पोरी! मरशील!”

सभागृह फुटलं. हशा, टाळ्या, “कौन है भाई?” “बसवा त्यांना!” कल्पनाही शालूच्या पदरात तोंड लपवून हसली. लोकांना वाटलं, काय सुंदर रडतेय!

पण आप्पा उभेच होते. “सूरवाली आहेस का तू? सूरवाल्यानं तोडायचं नसतं! गाणाऱ्यानं श्वास घ्यायचा असतो!”

जयूने डोळे उघडले. डावा हात खुंटीवर थिजलेला होता. यंत्राला श्वास लागत नाही, आणि तिने आयुष्यात सनई फुंकलेली नाही. श्वास कुठे घ्यायचा हे तिच्या कानांना ऐकू यायचं, पण तिच्या छातीला ते कधी करावंच लागलं नव्हतं. तिने खुंटी हळूहळू मिटली. सूर निवत गेला. खाली नुसता गोल सूर उरला, एकटा, धरून ठेवलेला. त्या शांततेत तिने स्वतः श्वास घेतला, खोल, खांदे वर येईपर्यंत. मग फुंकर सोडावी तशी खुंटी उघडली.

आता कोणी खोकलं नाही. ती चार सूर म्हणायची आणि थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा म्हणायची. प्रत्येक थांबण्यात सभागृहही तिच्याबरोबर श्वास घेत होतं. पहिल्या रांगेत भय्यासाहेब आपलंच नाटक बघत रुमालात नाक शिंकरत होते, आणि तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

पडदा पडल्यावर ती बाहेर आली तोवर आप्पा निघून गेले होते. वसंत म्हणाला, “कसं वाटलं विचारलं तर टांग्यात बसले आणि मला म्हणाले, गप्प बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जयू चहा टाकत होती तेव्हा दारात काठी वाजली. आप्पा. काखेत खादीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

“आप्पा! इतक्या सकाळी? या ना. चहा...”

“घेईन. दोन कप घेईन.” ते जमिनीवर बसले. कापडाचं गाठोडं मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “तोंड लावलंस का सनईला?”

“नाही आप्पा. शपथ. यंत्र आहे ते. ह्यांनी केलंय. दिवा लुकलुकतो आणि...”

“ते मला कशाला सांगतेस? मला काय कळतंय त्यातलं.” त्यांच्या बोळक्या तोंडात हसू घोळत होतं. “मी तर दोन अंक झोपलो होतो. जाग आली ती माझ्याच पत्तीच्या आवाजानं. म्हटलं, हा सूर आणला कोणी? तुझ्या हातची पत्ती जराशी अनुनासिक बोलते. दुसऱ्या कोणाची बोलत नाही तशी. मी ओळखणार नाही?”

जयूने खाली बघितलं. तिने गुंडाळीचे वेढे जमवताना ‘हं’ म्हटलं होतं ते कशाला, हे तिलाही आत्ताच कळलं.

“चूक झाली ना पण,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर ओरडलात.”

“मग? माझे वडील नौबतीत सगळ्या चौकासमोर मला ओरडले होते. हेच. श्वास घे म्हणून.” त्यांनी चहा बशीत ओतला. “घरी बसून ऐकणाऱ्याला कोणी ओरडतं का? वाजवणाऱ्याला ओरडतात.”

आतून श्रीधर आला, अंगावर बनियन, हातात दात घासायची काडी. “आप्पा, तुम्ही!”

“या डबेवाले जावई. तो डबा इथे येतो का उचलून?”

“दुकानात आहे. आणतो. आत्ता आणतो.” आणि श्रीधर बनियनवरच सायकल काढून पळाला. थोड्या वेळाने तो आणि कापडवाला मिळून पेट्या हातगाडीवर घालून घेऊन आले. भोंगा कापडवाल्याच्या डोक्यावर होता. “भाभीजी, बीमार रेडियो घर आ गया!”

तारा जोडल्या. निऑनचा दिवा लागला. श्रीधरने गोल सूर सोडायला सवयीने लष्करी पेटीकडे हात नेला.

“त्याला राहू दे,” आप्पा म्हणाले.

त्यांनी खादीचं कापड सोडलं. खुंटीवरची सनई. जयूकडे हात पुढे केला. “पत्ती.”

ती धावत आत गेली. डबीत जुनी होती एक, तिने ठेवलेली. वाटीत भिजवली, ओठांत धरून फुंकली. बदक ओरडलं. आप्पांनी डोळे मिटले.

“हं. चालेल. लाव.”

“पण आप्पा, तुमचे दात...”

“गायला लागतात दात. एक सूर धरायला काय लागतं? थोडा दम आहे शिल्लक. तुटला तर तू सांभाळून घे.” आणि ते उठून तिच्या डाव्या अंगाला, जरा मागे सरकून बसले. सूरवाल्याची जागा असते तिथे.

जयूने पदराने डोळे पुसले, मग हात पुसले, कारण चकती ओल्या हाताने निसटते.

“भोपाळला जायच्या दिवसापर्यंत,” आप्पा म्हणाले, “रोज सकाळी. कबूल?”

“कबूल.”

त्यांनी सनई ओठांना लावली. सूर थरथरत आला, थोडा घसरला, मग सापडला. हवेचा आवाज जास्त, सुराचा कमी, पण धरलेला. जयूने डावा हात खुंटीवर ठेवला, उजवा चकतीवर.

आणि आधी श्वास घेतला.